पंचवीस सेंटिमीटर

नसरुद्दीन परकारच्या मेंदूत डाव्या बाजूला गुठळी अडकली तेव्हा तो ट्रकच्या यार्डात एका ड्रायव्हरच्या कानाखाली वाजवत होता. हात वर गेला, क्षणभर वरच राहिला आणि मग हातासकट माणूस खाली आला. ड्रायव्हरने पुढची दोन मिनिटं गाल धरून उरलेला मार येण्याची वाट पाहिली. मग त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. ही हकीकत रुग्णाच्या फाइलीत 'काम करत असताना अचानक' एवढ्याच शब्दांत नोंदलेली आहे. नोंद अचूक आहे, कारण यार्डात नसरुद्दीनचं काम तेच होतं. तो फोरमन होता. चाळीस ड्रायव्हर, बारा मेकॅनिक आणि इंजिनाचा एक जुना रबरी पट्टा, एवढ्या सामग्रीवर त्याने बावीस वर्षं रियाधमध्ये वाहतूक चालवली होती.

उजवी बाजू गेलेला हा माणूस महिन्याभराने उमाकांत साखळकरच्या वाट्याला आला. उमाकांत मूळचा मिरजेचा फिजिओथेरपिस्ट. रियाधच्या एका खासगी रुग्णालयात सोळा वर्षं तो अर्धांगवायू झालेल्या माणसांची परीक्षा घेत होता. हात न टेकता खुर्चीतून उठा. दोन मिनिटं नुसते उभे राहा. आता डोळे मिटून. जमिनीवरची चप्पल उचला, मागे वळून बघा, एका पायावर राहा. अशा चौदा कसोट्या, प्रत्येकीला चार गुण, एकूण छप्पन्न. पंचेचाळीस पडले तर माणूस आधाराशिवाय वावरेल असं धरायचं. कमी पडले तर माणूसच पडणार असं धरायचं. शिवाय रोजच्या जगण्याचा वेगळा तक्ता असतो. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना. आयुष्यभर मिळवलेल्या मोठेपणाला त्या तक्त्यात रकाना नाही. तिथे एवढंच विचारतात की स्वतःची स्वतःला धुता येते का.

त्या वर्षी सरकारचा हुकूम निघाला होता की फिजिओथेरपीत शंभरात ऐंशी माणसं सौदी हवीत. विभागाचे साहेब जॉर्डनचे होते. म्हणजे तेही परदेशीच, पण ते साहेब असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नसे. त्यांनी उमाकांतला आणि फिलिपिनो रोलांडोला केबिनमध्ये बोलावून कॉफी पाजली. तिथल्या तिथेच उमाकांतला समजलं की काहीतरी वाईट आहे. साहेब म्हणाले, "दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. मी कोणावर अन्याय करणार नाही. डिसेंबरअखेर ज्याचे जास्त पेशंट पंचेचाळीस गाठतील, तो राहील."

नोव्हेंबर संपता संपता रोलांडोचे सात पेशंट पार झाले होते आणि उमाकांतचेही सात. रोलांडोच्या यादीत आता कोणी उरलं नव्हतं. बरोबरी झाली तर रोलांडो राहणार होता, कारण त्याचा पगार कमी होता. उमाकांतच्या यादीत एक नाव उरलं होतं, नसरुद्दीन परकार. गुण एकोणतीस.

उमाकांतची मुलगी अवंती बारावीला होती. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, डिसेंबरात संपला तर मधूनच शाळा सोडून जायचं कुठे? तेव्हा नसरुद्दीनने पंचेचाळीस गुण मिळवणं ही आता साखळकर घराण्याची जबाबदारी होती.

ज्या मुलीसाठी जागा रिकामी करायची होती ती नौफ उमाकांतच्याच हाताखाली शिकत होती. चोवीस वर्षांची, नुकती पदवी घेतलेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे गोतानेच तासून दांडा तयार करायचा होता. बरं, पोरगी वाईट असती तर उमाकांतला मनातून शिव्या तरी देता आल्या असत्या. ती वेळेवर येई, नीट लिहून घेई, आणि नको ते प्रश्न विचारी. दोघं इंग्रजीत बोलत. चिडली की ती अरबीत जाई.

पहिल्या दिवशी उमाकांतने नसरुद्दीनच्या कमरेला जाड कापडी पट्टा बांधला. रुग्ण तोल जाऊन पडू लागला तर मागून धरायला हा पट्टा असतो. नसरुद्दीनची वाचा बरीचशी परतली होती. आधी शिव्या आल्या, मग आकडे, मग देव. बायकोचं नाव अजून यायचं होतं. पण ते आधी तरी होतं की नाही याबद्दल शंका होती.

"मास्तर," नसरुद्दीन वाकड्या तोंडाने हसला. गुण देतो म्हणून उमाकांत त्याचा मास्तर. "पट्टा उलटा धरलाव तुमी. पट्टा मानसाला बांदायचा नसतो."

"मग?"

नसरुद्दीनने डाव्या हाताने पट्ट्याचं लोंबतं टोक धरलं आणि झटक्यात उमाकांतच्या तोंडावर मारलं. बकल भुवईवर बसलं. उमाकांतच्या एका डोळ्यात रक्त उतरलं.

"असा," नसरुद्दीन म्हणाला.

नौफने कापूस आणला. उमाकांतने एका डोळ्याने फाइलीत लिहिलं: डाव्या हाताची ताकद उत्तम, नेम चांगला, बसल्या जागी तोल कायम.

दाराजवळच्या खुर्चीवर काळ्या अबायात बसलेली बाई उठली नाही. नसरुद्दीनची बायको शरफुन्निसा, पन्नाशीची, म्हसळ्याकडची. ती दर वेळी याच खुर्चीवर बसे आणि दर वेळी खुर्ची आधी एक वीत मागे सरकवून घेई. उमाकांतला वाटे की तिला वारा हवा असेल.

सत्र संपल्यावर तिने विचारलं, "डाक्टर, उजवा हात येल काय?"

"येईल, येईल. काळजी करू नका."

"काळजी तीच हाय," ती म्हणाली.

उमाकांतला नीट ऐकू आलं होतं, पण पुढचा पेशंट आला होता.

त्याच आठवड्यात बायकांच्या पडद्याआड शरफुन्निसाला नवऱ्याला उठवण्या-बसवण्याची रीत शिकवून नौफ बाहेर आली, ती फिकी पडून.

"तिच्या पाठीवर," नौफ म्हणाली, "काठीच्या चार पायांचे चार ठसे आहेत. चौकोनात. आपण दिलेली काठी."

चार पायांची काठी रुग्णालयाच्या भांडारातून उमाकांतनेच सही करून दिली होती. अशी काठी टेकली की तोल जात नाही. उचलली की जातो, पण नसरुद्दीन पलंगावर बसून मारत असे.

"मी तिला सांगितलं की एक नंबर आहे, फोन कर, लोक येतात," नौफ म्हणाली. "ती नको म्हणाली. तुम्ही विचारा. तुमची भाषा आहे."

विचारायचं नव्हतं, पण भाषा असल्यामुळे विचारावं लागलं. शरफुन्निसाने सगळं बाजारातले भाव सांगावेत तसं सांगितलं. लग्नाला तीस वर्षं. रियाधला बावीस. उजव्या कानाने ऐकू येत नाही, ते दहा वर्षांपूर्वीचं. दोन फासळ्या, त्या कोविडच्या साली, तेव्हा घराबाहेर जाता येत नव्हतं. "सुट्टीवर म्हसळ्याला गेलाव का हात लावत नाय. तीन घरं सोडून माजे भाव ऱ्हातत. चार भाव. तिथं हे फार मवाळ."

"मग केस करा. ही मुलगी मदत करेल."

"केस केली का आमी हितंच अडकलू. इकामा यांचा, मी यांच्या इकाम्यावर. कचेऱ्या करीत किती दिस ऱ्हाऊ? मना घरी जायाचं हाय." मग ती हिशेब मांडावा तशी म्हणाली, "यांचा शेट, कफील, बोललाय, नसरुद्दीन चालता झाला तर यार्डात परत घेतो. वरडायला सौदी पोरगा गावत नाय बोलतो. नाय चालता झाला तर खलास, फायनल एक्झिट, कायमचं गावाला. तुमच्या कागदावर हाय सगळं. पंचेचाळीस."

"हो."

"चव्वेचाळीस करा ना."

उमाकांतला भुवईवरचे टाके खाजवायचे होते. त्याने ते खाजवले नाहीत. "असे गुण देता येत नाहीत, बाई. जेवढे पडतील तेवढेच."

हे उत्तर प्रामाणिक होतं. अवंतीच्या बारावीशी त्याचा काहीही संबंध नव्हता, असं त्याने पार्किंगपर्यंत जाताना स्वतःला तीनदा सांगितलं.

आता आठव्या कसोटीबद्दल सांगायला हवं. रुग्णाने भिंतीशेजारी उभं राहायचं, हात समोर खांद्याच्या पातळीत धरायचा आणि पाय न हलवता जमेल तितकं पुढे वाकायचं. भिंतीवर पट्टी लावलेली असते. बोटांची टोकं पाच सेंटिमीटर सरकली तर दोन गुण, बारा सरकली तर तीन, पंचवीस सरकली तर पैकीच्या पैकी. तोल गेला तर शून्य. लोकांचं आयुष्य बहुतेक या पंचवीस सेंटिमीटरांत असतं. कपाटातला डबा, समोरचं ताट, नळ.

नसरुद्दीन सहाच्या पुढे जात नव्हता. उमाकांतने समोर प्लास्टिकचा शंकू धरला, मग चेंडू, मग खजूर. खजुराला नसरुद्दीनने आईवरून शिवी दिली. उजवा हात तर कोपरात दुमडून छातीला चिकटलेला, मूठ आवळलेली. अशी मूठ उघडणं ही या आजारातली शेवटची आणि सगळ्यात अवघड गोष्ट असते. पकडणं लवकर येतं. सोडणं येत नाही.

एका रविवारी नसरुद्दीन असाच भिंतीपाशी उभा होता, पट्टा उमाकांतच्या मुठीत. त्याने पाणी मागितलं. शरफुन्निसा पेला घेऊन समोर आली. पाणी कोमट होतं.

नसरुद्दीनचा उजवा हात खांद्यातून उठला. कोपर सरळ झालं. मूठ उघडली, पाचही बोटं सुटी झाली आणि बाईच्या कानावर फाडकन बसली. पेला उडून भिंतीवर फुटला. कचकड्याच्या बाहुलीसारखी ती बाजूला फेकली गेली.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अशा वेळी सभ्य माणूस आधी बाईला उठवतो. उमाकांतने आधी भिंतीवरची पट्टी वाचली. सतरा सेंटिमीटर.

मग त्याने "अरे अरे, हे काय!" म्हटलं.

पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि ते खरंही आहे, की रुग्णासमोर ठेवलेलं उद्दिष्ट त्याला अर्थपूर्ण वाटलं पाहिजे. कोणाला नातवाचा गाल, कोणाला जपमाळ, कोणाला पत्ते. उमाकांतने सोळा वर्षांत किती पेशंटांच्या नातेवाइकांना विचारलं होतं की यांना मनापासून काय करायला आवडतं? नसरुद्दीनच्या बाबतीत ते विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्या सत्राला तो शरफुन्निसाला म्हणाला, "तुम्ही जरा समोर उभ्या राहा. इथे. त्यांना उभारी येते."

शरफुन्निसाने त्याच्याकडे पाहिलं. मुलगा दारू पिऊन आला की आई पाहते तसं. मग येऊन उभी राहिली. डॉक्टरने सांगितलेलं ऐकायचं असतं.

डिसेंबरचे ते तीन आठवडे विभागाच्या इतिहासात नमुनेदार म्हणून गणले गेले. एकोणीस. एकवीस. बावीस. उमाकांत तिला दर वेळी दोन बोटं मागे उभं करी आणि नसरुद्दीन दर वेळी दोन बोटं पुढे जाई. कधी फक्त बोटांची टोकं गालाला लागत, कधी नख. कधी अंदाज चुके आणि पुरा पंजा बसे. एकदा गळपट्टीच्या हाडावर मूठ बसली तेव्हा आवाज झाला. हाड मोडलं नव्हतं. नौफने दाबून पाहिलं. हात असा आला की मागून पाय आपोआप आले. वळणं, जिना, एका पायावर उभं राहणं. माणसाला जगण्यात रस हवा, मग शरीर साथ देतं. नसरुद्दीन आता सत्राला दाढी करून येऊ लागला. साहेब एकदा दारातून पाहून गेले. "प्रगती," ते म्हणाले.

नौफने फॉर्म भरताना पेन थांबवलं. "'वापरलेलं साहित्य' या रकान्यात काय लिहू? त्याची बायको?"

"कुटुंबाचा सहभाग," उमाकांत म्हणाला.

नौफने लिहिलं. मग अरबीत काहीतरी पुटपुटली. सोळा वर्षांत उमाकांतला कामापुरती अरबी येत होती आणि हे कामापुरत्या अरबीत बसत होतं.

घरी विभावरी संध्याकाळच्या चहाला म्हणाली, "भुवई बरी झाली, पण झोपेत हात झाडतोस. काय चाललंय?" त्याने सांगितलं. बायकोला सगळं सांगण्याची वाईट सवय त्याला होती.

विभावरीने कप खाली ठेवला. "ती बाई मार खाते आणि तू सेंटिमीटर मोजतोस?"

"अवंतीची बारावी आहे."

"माझं नाव मध्ये आणू नका," अवंती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली. "आय कॅन गिव्ह इट फ्रॉम मिरज. इट्स अ बोर्ड एक्झाम, बाबा, नॉट हार्ट सर्जरी."

म्हणजे घरच्या आघाडीवरून कारण काढून घेण्यात आलं. उमाकांत मात्र ते धरूनच राहिला. एकदा पकडलेलं सोडणं अवघड असतं.

शेवटच्या परीक्षेआधीच्या सत्राला शरफुन्निसा थोडं लवकर आली. तिच्या डाव्या डोळ्याभोवती हिरवट-पिवळं वर्तुळ होतं. म्हणजे चार-पाच दिवसांपूर्वीचं. ती म्हणाली, "डाक्टर, पंचवीस सेंटिमीटर म्हंजे कवरं?"

त्याने तिच्याच हाताने टेबलावर मोजून दाखवलं. "तुमची एक वीत आणि वर चार बोटं."

तिने वीत टेकवली, चार बोटं लावली. पुन्हा एकदा. रव्याचं माप शिकावं तसं. "आन तेच्या फुडं गेले तर?"

"तोल जाईल. पाय अजून तेवढे तयार नाहीत. तोंडावर पडतील."

"पन नाय पडत."

"मी मागून पट्टा धरलेला असतो ना."

"तुमी धरता."

"हो."

"नेमी?"

"नेहमी. ते माझं कामच आहे."

तिने मान हलवली आणि खुर्ची एक वीत मागे सरकवून बसली.

अंतिम परीक्षा नियमाप्रमाणे रुग्णाच्या घरी व्हायची होती. घरात बाईमाणूस असल्यामुळे सोबत नौफला यावं लागलं. हारा भागातल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, कंपनीचा फ्लॅट. उमाकांत घरात शिरताना सवयीने अडथळे टिपतो. गालिच्याची दुमडलेली कड, उंबरा, ओली फरशी. इथे त्याने टिपलं ते असं: फ्रिजच्या दारावर चार खळगे, चौकोनात. कपाटाची आरसा नसलेली चौकट. आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून तीन कड्या.

रोजच्या जगण्याचा तक्ता पहिल्यांदा. जेवण: स्वतः. ताट नको असल्यास फेकणे: स्वतः, ते फॉर्मात नव्हतं पण प्रात्यक्षिक झालं. आमटी नौफच्या बुटांवर आली. कपडे: स्वतः. संडास: स्वतः. नसरुद्दीन खुशीत होता. सोफ्यावर बसून त्याने चहा मागितला. शरफुन्निसा कप घेऊन आली तेव्हा काही कारण नसताना, चहा गरम होता, साखर बरोबर होती, त्याने काठी उचलून तिच्या नडगीवर हाणली. लोखंड हाडावर लागल्याचा आवाज सुक्या नारळासारखा येतो. ती खाली बसली. चहा तिच्याच हातावर सांडला.

नौफ अरबीत ओरडली. काय ओरडली ते इथे देता येणार नाही. चांगल्या घरातल्या मुलीला ते कुठून येत होतं याचंही आश्चर्य वाटलं. ती मधे जाऊन उभी राहिली.

"लिवा मास्तर," नसरुद्दीन तिच्या खांद्यावरून उमाकांतला म्हणाला. "काठीचा वापर, सोतंत्र."

शरफुन्निसा उठली. नौफचा हात हलकेच बाजूला सारला. "परीक्षा करा," ती म्हणाली. "उरकून टाका."

मग बाकीच्या कसोट्या. उठणं, चार. उभं राहणं, चार. डोळे मिटून, चार. चप्पल उचलणं, तीन. नौफ आकडे लिहीत गेली आणि तिचं पेन कागद फाडत गेलं. तेरा कसोट्या झाल्या. आठवी शेवटी ठेवलेली. बेरीज बेचाळीस.

तीन हवे होते. तीन म्हणजे बारा सेंटिमीटर. नसरुद्दीन बावीस जात होता. उमाकांतने भिंतीला पट्टी चिकटवली, फरशीवर पायांसाठी एक रेघ आणि पंचवीसच्या खुणेला दुसरी. पट्टा कसला, मागे उभं राहून मुठीत धरला. इकामा, मार्च, रोलांडो, सगळं आता बारा सेंटिमीटरवर होतं, आणि ते झाल्यातच जमा होतं.

शरफुन्निसा लंगडत समोर आली. दुसऱ्या रेघेपाशी उभी राहिली.

नसरुद्दीनने लगेच हात उचलला नाही. त्याने मान वळवून उमाकांतकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत मऊ काहीतरी होतं. उमाकांतने पेशंटांच्या डोळ्यांत ते अनेकदा पाहिलं होतं. त्यासाठीच या धंद्यात माणूस टिकतो.

"मास्तर," नसरुद्दीन म्हणाला, "अल्ला तुमचं भलं करो. येवड्या डाक्टरांनी हात टेकलानी, तुमी हात दिलाव. हा हात तुमचा हाय." त्याने उजवी बोटं उघडून-मिटून दाखवली. "यार्डात गेलू का पयली कानफटात तुमच्या नावानं. वचन."

तो मनापासून बोलत होता. एवढी कृतज्ञता उमाकांतला मिरजेपासून आजवर कोणी दाखवली नव्हती.

"यल्ला," नसरुद्दीन बायकोला म्हणाला. "नीट हुबी ऱ्हा."

हात खांद्यातून उठला. कोपर सरळ झालं. आठ. बारा, झाले, तीन गुण. अठरा. बावीस. शरफुन्निसाचा गाल बोटांच्या टोकाशी होता. तिथे ती नेहमी डोळे मिटत असे. या वेळी मिटले नाहीत. तिने दुखरा पाय मागे नेला, मग दुसरा. एक वीत आणि चार बोटं.

बोटं हवेत फिरली. पंचवीस. एकतीस. नसरुद्दीनचं धड हाताच्या मागे गेलं, टाचा उचलल्या आणि पट्टा उमाकांतच्या मुठीत ताठ झाला. अशा वेळी काय करायचं ते हाताला माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. गुडघे वाकवायचे, पट्टा आपल्या अंगाकडे ओढायचा, माणूस परत उभा. सोळा वर्षांत उमाकांतच्या हातून एकही पेशंट पडला नव्हता.

शरफुन्निसा नवऱ्याकडे पाहत नव्हती. ती पट्ट्याकडे पाहत होती.

उमाकांतने मूठ उघडली. पाचही बोटं, एकेक.

पडताना माणूस चांगला हात पुढे टाकतो. हे कोणी शिकवत नाही. नसरुद्दीनने डावा हात टाकला आणि नव्वद किलो त्यावर आले. मनगट मोडल्याचा आवाज आला, मग कपाळ चहाच्या टेबलाच्या कडेवर आपटलं, मग टेबलाची काच. तो पालथा पडला आणि काचेवर, चहावर, आमटीवर रक्त पसरू लागलं. मग शिव्या सुरू झाल्या. म्हणजे शुद्ध होती. उमाकांत खाली बसला, नाडी पाहिली, बाहुल्या पाहिल्या, कपाळावर टॉवेल दाबून धरला. त्याचे हात अजिबात थरथरत नव्हते आणि याचं त्याला वाईट वाटलं. नौफने ॲम्ब्युलन्सला फोन केला. शरफुन्निसा स्वयंपाकघरातून बर्फ घेऊन आली. कपाळाला हवा तेवढा दिला, उरलेला सोफ्यावर बसून स्वतःच्या नडगीला लावला.

"तू... तू..." नसरुद्दीन फरशीवरून म्हणत होता. त्याला तिचं नाव आठवेना. उजवा हात तिच्या दिशेने उठला, पण आडव्या माणसाचा हात कुठवर पोचणार? मूठ आवळलेली होती. ती आता उघडत नव्हती.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नौफने फॉर्म पुढे ओढला. हॉस्पिटलात अपघातापेक्षा अपघाताचा फॉर्म मोठा असतो.

"रुग्ण पडला का? हो," ती मोठ्याने वाचत होती. "फरशी ओली होती का? हो, आमटी. रुग्णाला सुरक्षा-पट्टा बांधला होता का?" तिने वर पाहिलं. उमाकांतच्या मागेच तर ती उभी होती, वहीत आकडे घेत. मूठ तिच्या डोळ्यांसमोर होती.

उमाकांतने कपाळावरच्या टॉवेलची घडी बदलली.

"बांधला होता का, असं विचारलंय," नौफ म्हणाली. "होता. हो." तिने खूण केली. "पट्ट्याबद्दल आणखी प्रश्न नाही. ज्याने फॉर्म बनवला त्याच्या डोक्यात आलं नसणार." मग तिने दुसरा कागद घेतला. "आठवी कसोटी. एकतीसपर्यंत गेला होता. तुम्ही चार देऊ शकता. मी सही करीन. तुम्हाला राहायचं असेल तर."

ही नौफ. जिच्यासाठी जागा रिकामी करायची होती ती.

"तोल गेला तर किती?" उमाकांतने विचारलं. परीक्षक विद्यार्थ्याला विचारतो तसं.

"शून्य."

"मग?"

तिने शून्य लिहिलं. उमाकांतने खाली सही केली आणि तारीख घातली. सेवेतली पहिली पडझड, तिच्याखाली त्याचंच नाव. साहेबांना आता रोलांडोच्या कमी पगाराचं कारणही लागणार नव्हतं.

"डाक्टर," शरफुन्निसाने सोफ्यावरून विचारलं, "कवरे पडले?"

"बेचाळीस."

"पास?"

"नापास. नापासच."

तिने मान हलवली. खाली जिन्यात स्ट्रेचर भिंतीला घासत वर येत असल्याचा आवाज आला. ती उठली, लंगडत गेली आणि दार पुरतं उघडं करून ठेवलं. मग परत येऊन नवऱ्याच्या डोक्याशी उभी राहिली. एक वीत आणि चार बोटं सोडून, सवयीने.

"दोन्ही हात गेले," ती म्हणाली. "म्हंजे जेवन आता मीच भरवायचं?"

"काही महिने. हो."

"गरम आमटी?"

उमाकांत भिंतीवरची पट्टी सोलून काढत होता. चिकटपट्टी वाईट होती, रंगाचा पापुद्रा घेऊन निघत होती. "सोसेल तेवढी," तो म्हणाला. "आधी फुंकर मारून बघायची असते."

शरफुन्निसाने थोडा विचार केला.

"बघू," ती म्हणाली.